ओल घेऊन निघालेला ट्रेलर: जानेवारीत मुंबई ते नारकंडा

निघण्याआधी, मुंबई

सांताक्रूझ वेधशाळेत नोंदलेलं सर्वात कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस, तारीख २२ जानेवारी १९६२. मुंबईत बांधून मुंबईतच उभ्या राहणाऱ्या, गाडीमागे ओढायच्या राहत्या ट्रेलरने शून्य अंश पाहिलेलंच नसतं. त्याची रचना दोन गोष्टींसाठी केलेली असते: बाहेरचा पाऊस आत येऊ नये आणि उन्हात पेटी भाजून निघू नये. हिमाचल प्रदेशातल्या नारकंड्यासारख्या डोंगरी थंडीत पाणी बाहेरून येत नाही, आत तयार होतं. माणसं श्वास सोडतात, कुकर वाफ सोडतो, गॅस जळतो, आणि ती सगळी वाफ थंड भिंतीवर जाऊन पाणी होते. थंडीवर हीटर मिळतो, ओलीवर असं एकच यंत्र पुरत नाही. म्हणून तयारी हीटरच्या आधी ओलीपासून सुरू करायची.

ट्रेलर १२ फुटी, दोघांपुरता. भिंती ३० मिमी फोमच्या एफआरपी (फायबरग्लास) सँडविच पॅनेलच्या, चौकट ॲल्युमिनियमची. सामान भरून वजन १,०५० किलोच्या आसपास. ओढायला डिझेलची फोर बाय फोर.

अशा ट्रेलरमध्ये प्लाय, फर्निचर आणि फळ्या मिळून १२० किलो लाकूड सहज असतं. हवेत ७५ टक्के आर्द्रता असेल तर लाकूड स्वतःच्या वजनाच्या सुमारे १४ टक्के पाणी धरून बसतं, ४५ टक्क्यांना ८ ते ९. फरक पाच टक्के धरला तरी सहा लिटर पाणी झालं. हीटर लागला की हे पाणी दोन-तीन रात्रींत बाहेर पडतं आणि खिडकीच्या चौकटीवरून ओघळायला लागतं. कोणीतरी छत गळतंय म्हणून सिलिकॉनची नळी घेऊन वर चढतो. छत गळत नसतं.

उपाय कंटाळवाणा आहे. निघण्याआधी दोन-तीन दुपारी गाद्या गच्चीवर उन्हात टाकायच्या, सगळी कपाटं आणि बैठकीखालचे खण उघडे ठेवायचे, आत १,००० वॉटचा तेलाचा हीटर लावून छतावरचा व्हेंट पूर्ण उघडा ठेवायचा. व्हेंट बंद ठेवून हीटर लावला तर ओल फक्त जागा बदलते.

खरेदी एका फेरीत होते. नळाचे सांधे, होज क्लिप, टेफ्लॉन टेप, पाण्याच्या लाइनच्या सर्वात खालच्या बिंदूला लावायचा अर्ध्या इंचाचा कॉक हे नागदेवी स्ट्रीटवर. २५ मीटर केबल, २.५ चौरस मिमीची तीनपदरी, आणि १६ अँपिअरचा टॉप लोहार चाळीत. आर्द्रतामापक, दोन थर्मामीटर (एक आत, एक बाहेर) आणि कार्बन मोनॉक्साइड या बिनवासाच्या विषारी वायूचा अलार्म लॅमिंग्टन रोडला. अलार्मवरची मुदत संपल्याची तारीख वाचून घ्यावी, त्यातल्या सेन्सरचं आयुष्य ठरलेलं असतं. गादीखाली घालायला लाकडी पट्ट्यांची जाळी सुताराकडून करून घ्यायची: पट्टी दोन इंच, फट एक इंच.

हीटर किती मोठा घ्यायचा यावर बरेच वाद होतात. या पेटीचा पृष्ठभाग सुमारे ३५ चौरस मीटर. बाहेर उणे पाच आणि आत १७ अंश धरले तर भिंतीतून पाऊण किलोवॉट उष्णता जाते. खिडक्या, चौकट आणि वायुविजन धरून सव्वा किलोवॉट पकडा. म्हणजे २ किलोवॉटचा डिझेल हीटर पुरेसा. ५ किलोवॉटचा घेतला तर तो सतत मंद जळतो, आणि मंद जळणारा डिझेल हीटर आतून काजळी धरतो. डोंगरात हवा विरळ असल्याने ती आणखी लवकर धरते. तिथे मोठा हीटर लवकर बंद पडतो तो यामुळेच.

बसवताना चार गोष्टी पाहायच्या. इंधनाचा पंप आडवा नको, बाहेर जाणारं तोंड वर असा तिरका हवा. नळी सोबत आलेली बारीक आणि कडक हीच वापरायची, कारण जाड रबरी नळीत हवेचे बुडबुडे अडकतात. धुराची नळी ट्रेलरच्या कडेच्या बाहेरपर्यंत न्यायची, फरशीखाली सोडून द्यायची नाही. ज्वलनासाठी हवा ओढणारी नळी धुराच्या नळीपासून दूर, शक्यतो दुसऱ्या बाजूला.

पहिला दिवस: मुंबई ते वडोदरा

निघताना आधी वजनकाटा. एकदा ट्रेलर एकटा उभा करून, एकदा फक्त गाडीला जोडायचा पुढचा दांडा काट्यावर टेकवून. दांड्यावरचा भार एकूण वजनाच्या सात ते दहा टक्के, म्हणजे इथे ७५ ते १०५ किलो यायला हवा. कमी आला तर महामार्गावर ट्रेलरची शेपूट डोलते. घोडबंदरहून राष्ट्रीय महामार्ग ४८ धरला की मनोर, चारोटीपर्यंत ट्रकांची रांग असतेच. ताशी ७० हा वेग धरायचा. मोठा कंटेनर बाजूने गेला की ट्रेलर आधी त्याच्याकडे ओढला जातो आणि मग बाहेर फेकला जातो. अशा वेळी ब्रेक मारायचा नाही, ॲक्सिलरेटर सोडायचा.

टायरमध्ये हवा मुंबईत थंड असताना ४५ पीएसआय. तापमान ३२ वरून उणे चारवर गेलं की सात पीएसआय उतरायला हवेत, पण २,७०० मीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्याने गेज चार पीएसआय जास्त दाखवतं. हिशोब जवळपास ४२ वर येतो. नारकंड्याला पुन्हा हवा भरायची गरज नाही, परतताना मैदानात उतरल्यावर मात्र तपासावी.

डिझेलचं गणित इथूनच सुरू होतं. भारतीय मानकानुसार थंडीने घट्ट झालेलं डिझेल फिल्टरमध्ये अडकायला लागण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा हिवाळी मालासाठी ६ अंश आणि उन्हाळी मालासाठी १८ अंश आहे. प्रत्यक्षातला माल बहुधा यापेक्षा चांगला असतो, पण मुंबईच्या पंपावरचं डिझेल टाकीत घेऊन उणे तापमानात रात्र काढणं हा जुगार आहे. टाकी अशी वापरत जायची की सोलनला पोहोचताना ती पाव उरेल.

दुसरा दिवस: वडोदरा ते उदयपूर

एक्सप्रेसवेने अहमदाबाद, पुढे हिंमतनगर, शामळाजी आणि रतनपूरची हद्द. पावणेचारशे किलोमीटरचा सरळ रस्ता. ट्रेलरच्या चाकांच्या तुंब्यांना थांब्यावर हात लावून पाहायचा: कोमट चालतो, चटका बसला तर बेअरिंग किंवा ब्रेक धरतोय. एवढंच.

तिसरा दिवस: उदयपूर ते जयपूर

राजस्थानची कोरडी हवा म्हणजे फुकटचा ड्रायर. दुपारच्या मुक्कामात ट्रेलरच्या सगळ्या खिडक्या, व्हेंट आणि खण तासभर उघडे ठेवायचे. आर्द्रतामापक मुंबईत ६५ ते ७० दाखवत असेल तर इथे ३५ ते ४० पर्यंत उतरतो. गाद्या उभ्या करून ठेवायच्या.

जयपूरच्या रात्री पारा आठ-नऊ अंशांवर येतो. हीटरची खरी चाचणी इथे घ्यायची, नारकंड्यात नाही. सुरू करताना ग्लो प्लग (इंधन पेटवणारी तापती कांडी) काही मिनिटं आठ ते दहा अँपिअर ओढतो. बॅटरी किंवा वायर अशक्त असेल तर याच वेळी व्होल्टेज पडतं आणि हीटर एरर दाखवून थांबतो. बहुतेक वेळा दोष हीटरमध्ये नसून पातळ वायरीत असतो. १२ व्होल्टची वायर किमान ४ चौरस मिमी, आणि बॅटरीपासून थेट. बंद करताना मेन स्विच खटकन पाडायचा नाही. पंखा आतली भट्टी थंड करून स्वतः थांबतो, त्याला तीन-चार मिनिटं लागतात.

चौथा दिवस: जयपूर ते अंबाला

दिल्ली टाळायची. कोटपुतळीहून नारनौल आणि तिथून राष्ट्रीय महामार्ग १५२डी अंबाल्याच्या जवळ आणून सोडतो. जानेवारीत हरियाणात धुकं इतकं दाट असतं की स्वतःचा ट्रेलर आरशात दिसत नाही. सकाळी नऊच्या आधी हलायचं नाही. ट्रेलरच्या मागे लाल आणि बाजूंना पिवळी परावर्तक पट्टी, शिवाय मागे फॉग लॅम्प. धुक्यात थांबायची वेळ आलीच तर रस्त्याच्या कडेला नाही, पंपाच्या आवारात.

पाचवा दिवस: अंबाला ते सोलन

अंतर थोडं, मुद्दाम. कालका, परवाणू, धरमपूर आणि सोलन, सुमारे १,५०० मीटर. इथे टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे स्थानिक हिवाळी डिझेल आत जातं आणि टाकीत मोकळी जागा न राहिल्याने दव धरत नाही. भरल्यावर दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवायची, नाहीतर फिल्टरमध्ये आणि नळ्यांत मैदानातलंच डिझेल बसून राहतं.

हीटरची पाच लिटरची टाकी वेगळी असते आणि तिची नळी बारीक, त्यामुळे सर्वात आधी तीच गोठते. त्या टाकीत पांढरं रॉकेल चालतं, उलट काजळी कमी होते. बीएस ६ गाडीच्या टाकीत मात्र रॉकेल घालू नये, डोंगरात कोणी कितीही खात्रीने सांगो. रॉकेलला वंगण नसतं, त्यावर उच्च दाबाचा पंप घासला जातो, आणि त्यातलं गंधक धूर गाळणाऱ्या यंत्रणेला मारक ठरतं.

सहावा दिवस: सोलन ते नारकंडा

सोलनहून साडेआठला निघून शिमला बायपासने ढलीला साडेदहा-अकरा. त्याआधी पोहोचून उपयोग नाही. ढली, कुफरी, फागू, ठियोग या पट्ट्यात सावलीतल्या वळणांवर रस्ता नुसता ओला दिसतो आणि तो पारदर्शक बर्फाचा पापुद्रा असतो. उन्हाची वळणं अकरापर्यंत सुटतात, उत्तरेकडची दिवसभर सुटत नाहीत. दुपारी तीनच्या पुढे पुन्हा सगळं गोठायला लागतं.

साखळ्या ओढणाऱ्या चाकांना. ट्रेलरला ब्रेक असेल तर त्याच्याही चाकांना, कारण उतारावर मोकळी घसरणारी पेटी गाडीला मागून आडवी करते. साखळी बर्फ दिसण्याआधीच्या सपाट जागेत चढवायची, पन्नास मीटर जाऊन पुन्हा ताणायची, ताशी ३० च्या वर जायचं नाही. उतारावर दुसरा गिअर आणि इंजिनचा अडसर. ट्रेलरचा ब्रेक दांडा दाबला गेला की आपोआप लागतो, त्यामुळे लांब उतारावर हलका ब्रेक धरून ठेवला तर ट्रेलरचे ड्रम तापून निकामी होतात. दाबा, वेग कमी करा, सोडा.

हिमवृष्टी सुरू असेल तर ठियोगला थांबावं. नारकंडा कुठे पळत नाही.

ट्रेलर नारकंड्याच्या पुढे नेऊ नये हे आमचं ठाम मत. रामपूर, किन्नौर बघायचं तर गाडी सोडवून एकटी न्यावी.

नारकंड्याची पहिली संध्याकाळ

उंची २,७०० मीटरच्या आसपास. सफरचंदाच्या बागेतल्या होमस्टेच्या अंगणात वीज आणि संडास-बाथरूम मिळत असेल तर दोन्ही घ्यावं, त्यात कमीपणा नाही. ट्रेलरच्या ओलीचा मोठा वाटा आंघोळीचा असतो.

जागा निवडताना वर बघायचं. घराच्या पत्र्याच्या छपराखाली उभं राहिलं तर साठलेलं बर्फ एकदम घसरून खाली येतं, आणि देवदाराच्या फांद्याही तसंच करतात. दार वाऱ्याच्या उलट बाजूला, मोठी खिडकी पूर्वेला. ट्रेलरचे टेकू थेट जमिनीवर नकोत, पाय गोठून चिकटतो. खाली फळी आणि फळीवर जाड प्लास्टिक. हँडब्रेक ओढून ठेवू नये, ड्रमला ब्रेक शू चिकटतो आणि निघायच्या दिवशी चाक फिरत नाही. चारही बाजूंनी लाकडी पाचर ठोकायची.

केबल पूर्ण उलगडायची. गुंडाळी तशीच ठेवून १,००० वॉट ओढले तर आतली वेटोळी तापतात. रात्री गावातले सगळे हीटर लागले की व्होल्टेज पडतं, म्हणून विजेच्या भरवशावर रात्र काढायची नाही. विजेचा हीटर संध्याकाळी, डिझेलचा रात्री.

लिथियम बॅटरी दांड्यावरच्या पेटीत असेल तर ती आत, बैठकीखाली आणायची. शून्याखाली ती वीज देते, पण चार्ज केली तर आतल्या पट्टीवर लिथियमचा धातू साचून कायमची खराब होते. रात्रीचा खर्च: हीटर दहा तास सरासरी दीड अँपिअरने १५ अँपिअर-तास, पंखा, दिवे आणि फोन मिळून १२ ते १५. शंभराची बॅटरी बिनधास्त पुरते. २०० वॉटचं सौर पॅनेल निरभ्र दिवशी हे भरून काढतं, देवदारांच्या सावलीत काहीच देत नाही.

आता खरी परीक्षा. हीटर लागला, आत १८ अंश झाले, आणि मुंबईकराचा हात आपोआप व्हेंट घट्ट बंद करायला जातो. तो हात अडवायचा. आत १८ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर दहा अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं, आणि ॲल्युमिनियमची चौकट चार-पाच अंशांवर असते. आर्द्रता ४० टक्क्यांवर आणली तर पाणी चार अंशांवर धरतं, म्हणजे चौकट जेमतेम कोरडी राहते. दोन माणसं रात्रभरात अर्धा ते पाऊण लिटर पाणी श्वासातून सोडतात. ते बाहेर घालवायला छतावरचा व्हेंट दोन बोटं आणि दाराजवळची खालची जाळी कायम उघडी हवी. बाहेरची हवा कितीही दमट वाटली तरी उणे तापमानात तिच्यात पाण्याचा अंश फारच कमी असतो. आत येऊन तापली की ती ओल शोषते. यासाठी जादा डिझेल किती? रात्रीचे दीड-पावणेदोन लिटर दोनवर जातात. तेवढं द्यावं.

गॅसची शेगडी खोली तापवायला वापरायची नाही. एक किलो एलपीजी जळला की सुमारे १.६ किलो पाणी हवेत येतं, शिवाय प्राणवायू कमी होतो. कोळशाची अंगीठी तर आत आणायचीच नाही. बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली माणसं उत्तर भारतात दर हिवाळ्यात दगावतात. अलार्म झोपण्याच्या उशाशी लावायचा.

सातवा दिवस: नारकंडा

सकाळी पहिलं काम गादी उचलणं. अंगाची ऊब आणि वाफ गादीतून खाली उतरते आणि प्लायच्या थंड फळीवर पाणी होऊन बसते. जाळी नसेल तर चार दिवसांत तिथे काळी बुरशी. गादी भिंतीला टेकवून उभी, दहा मिनिटं दार सताड उघडं, खिडक्यांच्या कडा पंचाने पुसून पंचा बाहेर. ओला पंचा आत वाळत घातला तर पुसून काही केलं नाही असं होतं. कपडे वाळवण्याचंही तेच.

नाश्त्याला थालीपीठ चालतं, पोहे चालतात. उघड्या पातेल्यात भात किंवा पास्ता उकळायचा नाही. इथे पाणी ९१ अंशांनाच उकळतं, त्यामुळे डाळ उघड्यावर शिजत नाही आणि वाफ मात्र भरमसाट. सगळं कुकरमध्ये, नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त, आणि वाफ काढायला कुकर दाराबाहेर.

पाच किलोचा सिलिंडर बाहेरच्या पेटीत. आपल्या गॅसमध्ये ब्यूटेन बराच असतो आणि तो उणे अर्ध्या अंशाच्या खाली नीट उडत नाही. आधी प्रोपेन जळून जातो, म्हणून भरलेला सिलिंडर उणे सहालाही पेटतो आणि तळाशी आलेला रडतो. तेव्हा तो कोमट पाण्याच्या घमेल्यात उभा करतात. कोमट, उकळतं नाही, आणि ज्योत तर जवळपासही नको.

पाणी दोघांना स्वयंपाक, भांडी आणि तोंड धुणं मिळून दिवसाला १५ लिटर. बाहेरची टाकी विसरा. वीस लिटरचे दोन जार आत ठेवायचे. पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं, आणि पहिला बळी पंपाच्या तोंडावरची जाळीची डबी. हीटर बंद करून बाहेर जायचं असेल तर खालचा कॉक उघडून लाइन रिकामी, सगळे नळ उघडे, पंप पाच सेकंद कोरडा. सांडपाण्याच्या नळीत थेंबथेंब पाणी सोडत राहिलं तर प्रत्येक थेंब जागीच गोठतो आणि नळीला बर्फाचं बूच बसतं. भांड्यांचं पाणी साठवून एकदम ओतायचं. रेडिएटरचं कूलंट नळीत ओतण्याची युक्ती कोणी सुचवली तर नाही म्हणा, ते इथिलीन ग्लायकॉल आहे, विष.

बागवाले या दिवसांत आकाशाकडे डोळे लावून बसलेले असतात. सफरचंदाला फळ धरायला ठरावीक तासांची थंडी लागते आणि जानेवारीचं बर्फ मातीत ओल धरून ठेवतं. आपण ज्या रात्रीची धास्ती घेतो तिची ते वाट बघतात.

आठवा दिवस: बर्फ

छतावर दहा सेंटीमीटर ताजं बर्फ म्हणजे ६० ते ७० किलो, ओलं असेल तर दुप्पट. पेटी ते पेलते, पण व्हेंट गाडला जातो. मऊ केरसुणीने किंवा रबरी पट्टीने ओढायचं, लोखंडी फावडं एफआरपीवर चालवायचं नाही. ॲक्रिलिकच्या खिडकीवर गरम पाणी ओतलं तर ती तडकते. दर दोन-तीन तासांनी धुराच्या नळीचं तोंड मोकळं करायचं, रात्री झोपण्याआधी आणि मध्यरात्री एकदा. बर्फाने तोंड बुजलं की हीटरचा धूर फरशीखाली साठतो आणि फटींतून आत येतो. वास येतोच असं नाही.

हीटर कमी उष्णतेवर रात्रभर चालला असेल तर सकाळी पंधरा-वीस मिनिटं पूर्ण जोरात चालवून मगच बंद करायचा. साचलेली काजळी जळून जाते. काही हीटरमध्ये उंचीसाठी पंपाचा वेग कमी करण्याची सोय असते, इथे ती लावायची. धूर पांढरा येत असेल तर इंधन न जळता जातंय, काळा असेल तर हवा कमी पडतेय.

परतीचे दिवस

हिमवृष्टीनंतर रस्ता साफ होऊन त्यावर एक पूर्ण उन्हाचा दिवस गेल्याशिवाय निघू नये. सोलनला पाण्याची लाइन पुन्हा भरून सगळे सांधे कोरड्या कागदाने पुसून बघायचे; गोठून फुटलेली नळी बर्फ असेपर्यंत गळत नाही, मैदानात आल्यावर गळते. जयपूरला पुन्हा सगळं उघडं, या वेळी दिवसभर. ओला ट्रेलर मुंबईत आणून झाकून ठेवला तर फेब्रुवारीत जी बुरशी येते तिचा दोष लोक मुंबईच्या हवेला देतात.

मुंबईत हीटरची टाकी रिकामी करून थोडं ताजं इंधन ठेवायचं आणि महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं पूर्ण जोरात चालवायचा, मे महिन्यातसुद्धा. नाहीतर पंपात इंधन चिकट होऊन बसतं आणि पुढच्या डिसेंबरला तो टिकटिक करतो, पण ओढत नाही.